बारा खेपा, बारा खिडक्या आणि दोन दात



प्रवासवर्णन म्हटलं की ते लांबच्या देशाचं असावं अशी रीत आहे. आपल्या मंडळींपैकी कोणी नवगावला जाऊन येतं, कोणी कोचीनला, कोणी लेकीकडे अमेरिकेला. आमचा प्रवास मात्र रामल्याहून यरुशलेमपर्यंतचा, बसने तासाभराचा. पण तो आम्ही सतरा महिन्यांत बारा वेळा केला, म्हणून त्याचंही वर्णन लिहावं असं मनात आलं. आम्ही म्हणजे दोघी बहिणी. हा लेख दोघींचा आहे. लिहिणारा हात धाकटीचा आणि दात थोरलीचे. धाकटीने चाळीस वर्षं नर्सची नोकरी केली. त्या नर्सबाईचं एक चुकलं, तेही या लेखात येईल. लपवून काय करायचं?

२०१७ च्या सुक्कोथच्या आधी थोरली जिन्यावर पाय घसरून पडली. हातात फळांच्या पिशव्या होत्या, त्यामुळे हात टेकता आला नाही, तोंडच पायरीवर आपटलं. वरचे पुढचे दोन पटाशीचे दात मुळापासून मोडले. ते काढून टाकावे लागले. तेव्हा थोरली ७१ वर्षांची होती.

मुलांनो, तुमचे दुधाचे दात पडतात तेव्हा तुम्ही आरशात बघून हसता, कारण खाली नवीन दात तयार असतो. आम्ही लहान होतो तेव्हा पडलेला दात उंदराच्या बिळात टाकायचो, म्हणजे उंदरासारखे बारीक दात येतात म्हणे. म्हातारपणी पडलेल्या दाताला असा उंदीर भेटत नाही.

प्रथम एका डॉक्टरांनी दोन दातांची छोटी काढती कवळी करून दिली. ती बोलताना हलायची. त, थ, द, ध हे अक्षर उच्चारताना जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते आणि फ, व म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लागतो. तिथे आधारच उरला नाही, तर ‘तोदा रबा’ म्हणताना नुसता वारा सुटतो. नातवंडं हसली. वाईट हेतूने नाही हसली, पण थोरलीने त्या दिवसापासून पदर तोंडावर धरायला सुरुवात केली. फोनवर बोलणं कमी झालं. मलिद्याला जाणं बंद झालं. आपल्याकडे मेहंदीला जी जुनी मराठी गाणी म्हणतात, ती आमच्या ओळखीच्या घरांत सगळी पाठ असलेली थोरली एकटीच. ती गप्प बसली म्हणजे गाणीही गप्प बसली.

म्हणून आम्ही २०१८ च्या फेब्रुवारीत यरुशलेमची बस पकडली. ऐन करेमच्या हदास्सा इस्पितळाच्या आवारात दातांचं कॉलेज आहे. तिथे मोठ्या डॉक्टरांच्या नजरेखाली तरुण डॉक्टर काम करतात. वेळ जास्त लागतो, पण घाई कोणी करत नाही, असं आम्हांला सांगण्यात आलं होतं.

रामल्याहून निघालं की आधी सपाट शेतं लागतात. मग शाअर हगायला रस्ता डोंगरांत शिरतो आणि वर चढू लागतो. रस्त्याच्या कडेला १९४८ च्या लढाईतल्या गाड्यांचे सांगाडे ठेवलेले आहेत. वेढा पडलेल्या यरुशलेमला धान्य आणि औषधं पोचवताना त्या गाड्यांवर हल्ले झाले होते. चढणीवर बसचा आवाज बदलला की थोरली दर वेळी म्हणायची, “बोरघाट लागला.” आम्ही मुंबई सोडली १९७० साली, पण घाट म्हटला की अजून खंडाळाच आठवतो. फक्त इथे धबधबे नाहीत, पाइनची झाडं आणि दगडी बांध घातलेल्या पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत.

यरुशलेमच्या बसस्थानकावरून रुळांवरची शहरगाडी घेऊन हर्झल डोंगरापर्यंत जायचं आणि तिथून पुन्हा बस. इस्पितळ डोंगराच्या टोकावर आहे. खालच्या बाजूला ऐन करेम गाव दिसतं, जुनी दगडी घरं, देवळांचे मनोरे आणि एक झरा. ख्रिस्ती लोक मानतात की बाप्तिस्मा देणारा योहान याच गावात जन्मला, त्यामुळे यात्रेकरूंची वर्दळ असते.

धाकटीला या आवाराचं निराळं अप्रूप होतं. हदास्सा ही संस्था हेन्रिएटा झोल्ड या बाईंनी १९१२ साली अमेरिकेत सुरू केली. पुढल्याच वर्षी त्यांनी यरुशलेमला पहिली मदत पाठवली ती कोणती? मोठे डॉक्टर नाहीत, यंत्रं नाहीत, दोन नर्सेस. एवढ्या मोठ्या कारभाराची सुरुवात दोन नर्सेसनी केली हे वाचून आमच्या नर्सबाईंची मान ताठ झाली. ती मान पुढे लवकरच खाली आली.

याच आवारात एक सिनेगॉग आहे आणि त्यात मार्क शागाल या चित्रकाराने केलेल्या बारा रंगीत काचेच्या खिडक्या आहेत. याकोबाच्या बारा मुलांच्या नावाने बारा खिडक्या, प्रत्येक सुमारे ११ फूट उंच आणि ८ फूट रुंद. १९६२ साली त्या बसवल्या. पहिल्या दिवशी आम्ही लवकर पोचलो होतो म्हणून आत गेलो. एकाही खिडकीत माणूस नाही, सगळे पक्षी, मासे, प्राणी, फुलं. थोरली म्हणाली, “सगळ्या एकदम बघून डोकं भणभणतं. एका खेपेला एकच बघू या.” त्या दिवशी रऊबेनची निळी खिडकी पाहिली आणि दवाखान्यात गेलो.

तपासणारी डॉक्टर तरुण अरब मुलगी होती, हात अगदी हलका. तिने तीन उपाय सांगितले. एक, नीट बसणारी नवी काढती कवळी. दोन, पूल, म्हणजे शेजारचे दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्या आधाराने मधले दोन बसवायचे. तीन, इम्प्लांट, म्हणजे हाडातच टायटॅनियम धातूचा स्क्रू बसवून त्यावर दात चढवायचा. शेजारचे दात धडधाकट असताना घासायचे ही गोष्ट थोरलीला पटेना. “दोन गेले म्हणून आणखी दोघांना शिक्षा?” म्हणून इम्प्लांट ठरलं.

दुसऱ्या खेपेला सी. टी. स्कॅन झाला. त्यात कळलं की स्क्रू बसवायला पुरेसं हाडच उरलेलं नाही. बालमित्रांनो, ही गोष्ट नीट समजून घ्या. जबड्याचं हाड दाताला धरून असतं आणि दात आहे तोवरच ते टिकतं. दात गेला की हाडाला काम उरत नाही आणि ते झिजतं. वरच्या पुढच्या दातांच्या बाहेरची भिंत तर बहुतेकांची एक मिलीमीटरही जाड नसते. दात काढल्यावर पहिल्या वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच. थोरलीचं हाड साडेतीन मिलीमीटर उरलं होतं. स्क्रूचीच जाडी तेवढी. शिवाय त्याच्या सभोवती हाड हवं. म्हणजे आधी हाडाची भर घालायची, ती जुळू द्यायची, मग स्क्रू. “भिंतच नाही तर खिळा कुठे ठोकणार?” थोरलीने एका वाक्यात सांगून टाकलं.

तिसरी खेप एप्रिलमध्ये. लेवीची पिवळी खिडकी पाहून आम्ही खुशीत खुर्चीशी गेलो. डॉक्टरने फॉर्म हातात घेतला. तो फॉर्म हिब्रूत धाकटीने भरला होता. रक्तदाबाची गोळी लिहिली होती, कोलेस्टेरॉलची लिहिली होती. डॉक्टर थोरलीकडे वळून म्हणाली, “सावता, रोज न घेता आठवड्यातून एकदाच घ्यायची एखादी गोळी आहे का?”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. होती. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून थोरली पाच वर्षं दर रविवारी सकाळी अलेंड्रोनेटची गोळी घेत होती. ती गोळी आठवण करून द्यायला फोन कोण करायचं? धाकटीच. आणि फॉर्म भरताना तीच विसरली. चाळीस वर्षं प्रत्येक रोग्याला “कोणकोणत्या गोळ्या घेता?” म्हणून विचारलं आणि सख्ख्या बहिणीच्या वेळी रोजच्या गोळ्यांच्या डबीत जेवढं दिसलं तेवढंच लिहिलं.

डॉक्टर रागावली नाही. तिने समजावून सांगितलं. ही औषधं हाडाची झीज थांबवतात, पण त्यामुळे हाडाची नवी घडण आणि दुरुस्तीही मंदावते. क्वचित एखाद्याच्या जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडं पडतं आणि मरू लागतं. २००३ पासून डॉक्टरांना हे माहीत आहे. गोळ्या घेणाऱ्यांत धोका थोडा असतो, कर्करोगासाठी याच जातीची औषधं शिरेतून घेणाऱ्यांत बराच जास्त. पण माहीत असेल तरच सांभाळता येतं. तिने आमच्या कुपत खोलीमच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. दोन्ही डॉक्टरांनी आपसांत बोलून गोळी दोन महिने थांबवली आणि पुन्हा कधी सुरू करायची तेही त्यांनीच ठरवलं. वाचकहो, हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळी बंद करू नका. फक्त सांगायला विसरू नका.

परतीच्या बसमध्ये आम्ही रामल्यापर्यंत एक शब्द बोललो नाही. घराशी आल्यावर थोरली म्हणाली, “तू विसरलीस तशी मीही विसरले. खुर्चीत तर मी बसले होते.” धाकटीच्या मनातून मात्र ते अजून गेलेलं नाही.

मधल्या दिवसांत दुसराच प्रश्न उभा राहिला. भर घालायची ती कशाची? हनुवटीचं स्वतःचं हाड काढता येतं, पण मग दुसरी जखम. मेलेल्या माणसाने दान केलेलं हाड शुद्ध करून वापरतात. बैलगाईच्या हाडाची भुकटी असते, तिच्यातला सगळा मांसल अंश काढून फक्त खनिजाचा सांगाडा ठेवलेला असतो. डुकराच्या हाडाचीही असते. आणि वरून झाकायचं जे पातळ पटल असतं, तेही पुष्कळदा डुकराच्या कातडीपासून केलेलं असतं. थोरली दचकली. आम्ही रब्बींना विचारलं. ते म्हणाले, मनाई खाण्याची आहे, उपचारासाठी शरीरात बसवण्याची नाही. तरी डॉक्टरने आमचा चेहरा पाहून गाईकडचं पटल आणि गाईकडचीच भुकटी निवडली.

तेव्हा आम्हांला आजी आठवली. कोकणात आजीने शेजाऱ्यांचा मान राखून जन्मभर गाईचं मांस घरात आणलं नाही. आता तिच्या नातीच्या तोंडात गाईचं हाड बसणार! थोरली म्हणाली, “आजीला सांगू नका.” आजीला जाऊन पन्नास वर्षं झाली होती.

जूनमध्ये चौथी खेप. त्या दिवशीची खिडकी यहूदाची, लालभडक. खरं सांगायचं तर ती पाहून आमचा धीर वाढला नाही. पण तोंड बधिर केल्यावर थोरलीला दुखलं नाही. हिरडी उघडली, भुकटी भरली, पटल झाकलं, टाके घातले. सव्वा तास लागला. तीन दिवस गाल सुजला, वरचा ओठ निळा झाला. बर्फाने शेकणं, डोकं उशीवर उंच ठेवून झोपणं, थुंकताना आणि चूळ भरताना जोर न करणं. जेवायला पेज, मऊ भात, रव्याची खीर. डॉक्टरने दोन तात्पुरते दात शेजारच्या दातांना मागून चिकटवून दिले, भर घातलेल्या जागेवर दाब येऊ नये म्हणून.

टाके काढायला गेलो तेव्हा जबुलूनची खिडकी होती. तीही लालच, पण तिच्यात मासे आणि समुद्र. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला फुटल्या तारवातून लागले अशी कथा सांगणाऱ्या आपल्या लोकांना ती आपलीशी वाटणारच. सहाव्या खेपेला इस्साखारची हिरवी खिडकी. तिथे एक मार्गदर्शक शाळेच्या मुलांना सांगत होता की १९६७ च्या युद्धात या खिडक्यांपैकी चार मोडल्या. शागालने त्या पुन्हा करून आणि दुरुस्त करून दिल्या, पण हिरव्या खिडकीच्या खालच्या भागात गोळीचं एक भोक मुद्दाम तसंच ठेवलं. मुलं ते शोधायला धावली. आम्हीही वाकून पाहिलं.

मग नुसती वाट पाहायची होती. थोरलीला घातलेलं हाड भुकटीच्या रूपात होतं. त्याचं जिवंत हाड शरीरालाच करावं लागतं, आणि त्याला सहा महिने लागतात. नेमकं त्या मधल्या काळात, नोव्हेंबरात, थोरलीच्या नातीची मेहंदी आली. बायका म्हणाल्या, “गाणं म्हणा.” तात्पुरत्या दातांवर थोरलीचा भरवसा नव्हता. “गाता गाता दात मेहंदीच्या ताटात पडला तर?” ती मागे खुर्चीवर बसून राहिली. मुलींनी दोन गाणी सुरू केली, चार ओळींवर शब्द संपले, मग कोणीतरी यंत्रावर हिंदी सिनेमाची गाणी लावली. सगळे नाचले. नवरी आनंदात होती. त्या रात्री थोरलीला झोप लागली नाही.

डिसेंबरच्या स्कॅनमध्ये हाड सात मिलीमीटर भरलं होतं. पडद्यावर ती पांढरी पट्टी पाहून धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. जानेवारी २०१९ मध्ये दोन स्क्रू बसले. हाडाला टायटॅनियम चिकटतं हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क या डॉक्टरांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडावर दुसराच प्रयोग करताना कळलं. धातूची नळी काढायला गेले तर ती निघेना. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. पण हौस त्याहून फार जुनी आहे. आपल्या मिश्नातच प्रश्न आहे की बाईने खोटा किंवा सोन्याचा दात लावून शब्बाथला बाहेर जावं की नाही. रब्बी हो म्हणतात, बाकीचे विद्वान नाही म्हणतात. जाणकार कारण सांगतात की कोणी हसलं तर ती दात काढून हातात घेईल आणि तो वाहून नेल्यासारखं होईल. हे ऐकून थोरली म्हणाली, “म्हणजे तेव्हाही लोक हसायचेच.”

पुढे चार महिने हाड आणि स्क्रू जुळायला. मे महिन्यात हिरडी उघडून वरचा भाग जोडला, जूनमध्ये माप घेतलं. जुलैमध्ये, बाराव्या खेपेला, बन्यामीनची निळी खिडकी पाहिली आणि दात बसले. डॉक्टरने आरसा दिला. थोरली बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “मधे वर काळी फट दिसते.”

खरंच होती, तिळाएवढी. डॉक्टरने आधीच सांगितलं होतं की दोन इम्प्लांट शेजारी शेजारी असले की मधली हिरडी पहिल्यासारखी टोकापर्यंत भरेलच असं नाही. ती म्हणाली, थोडं साहित्य चिकटवून झाकून बघता येईल. थोरली म्हणाली, विचार करून सांगते. बाहेर पडल्यावर ती पुन्हा सिनेगॉगमध्ये शिरली. बारा खिडक्या पाहून झाल्या होत्या तरी ती हिरव्या खिडकीपाशी गेली आणि ते भोक पाहून आली. बसमध्ये म्हणाली, “राहू दे ती फट. आता त्यापायी तेरावी खेप नको.”

२०२० च्या तू बिश्वातला एलियाहू हन्नाबीच्या मलिद्याला थोरली पुढे बसली आणि मोकळ्या आवाजात गायली. त आणि थ स्वच्छ. लवकरच कोरोना आला आणि सगळ्यांच्या तोंडाला मास्क लागले. एवढा खटाटोप करून बसवलेले दात दोन वर्षं कोणाला दिसले नाहीत! पण घरात बसल्या बसल्या तिने मेहंदीची गाणी नातीला फोनवर शिकवली. नातीने ती हिब्रू अक्षरांत लिहून घेतली आहेत. अर्थ तिला अर्धा कळतो, उच्चार मात्र बरोबर येतात, कारण ऐकवणारीचे उच्चार बरोबर होते.

आता वयस्कर वाचकांसाठी दोन शब्द. दात गेला तर फार दिवस थांबू नका, लगेच दाखवा, तुमचं हाड तुमच्यासाठी थांबत नाही. वय जास्त आहे म्हणून घाबरू नका, डॉक्टर वयापेक्षा साखर, सिगारेट आणि औषधं बघतात. डबीत नसलेली औषधंही लिहून न्या, आठवड्याची गोळी, सहा महिन्यांचं इंजेक्शन, रक्त पातळ करणारं, सगळं. आणि इम्प्लांटला कीड लागत नाही म्हणून घासणं सोडू नका, त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड बिघडू शकतं.

२०२५ पासून ती शहरगाडी थेट ऐन करेमच्या इस्पितळापर्यंत जाते. आम्ही दात तपासायला तिनेच जातो, बस बदलावी लागत नाही. दात घट्ट आहेत. दवाखान्यात दर वेळी फॉर्म मिळतो. हल्ली तो थोरली स्वतः भरते आणि धाकटीला वाचायला देते.